चार चाकं ओढतात, पण टाकी एकच

मृग लागला की आमच्याकडच्या ग्रुपवर दोन मेसेज हमखास येतात. एक, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका. दुसरा, गाडीचं डिझेल वाचवायची युक्ती. पहिला शहाण्यांचा असतो आणि कोणी ऐकत नाही. दुसरा कोणाचा असतो कोणालाच ठाऊक नाही, आणि सगळे ऐकतात. यंदाचा दुसरा मेसेज मला चार ग्रुपवर आला, वरून साळ्यानेही पाठवला. थोडक्यात असा:

‘फोर बाय फोरवाल्यांनो, पावसाळाभर गाडी फोर हायवरच ठेवा. दोनऐवजी चार चाकं ओढतात, इंजिनवरचा भार निम्मा होतो, अ‍ॅव्हरेज वाढतं. फोर व्हील ट्रॅक्टर कमी डिझेल खातो तसंच. टू एचमध्येही पुढचा शाफ्ट फिरतोच, मग फुकट कशाला फिरवायचा? फोर लोला हात लावू नका, दुप्पट डिझेल पितो. उतारावर न्यूट्रल करा. ईको मोड असेल तर कायम चालू.’

माझं काम ठिबकचं. घाटंजी, पांढरकवडा, वणी या पट्ट्यात वावरावावरांत नळ्या पोचवायच्या. गाडी जुनी, डिझेलची, खाली दांडा असलेली फोर बाय फोर. दांड्याचे तीन मोड: टू एच म्हणजे दोनच चाकं ओढतात, फोर हाय म्हणजे चारही, आणि फोर लो म्हणजे चारही, पण हळू आणि जास्त जोराने. डिझेलचा पैसा माझ्याच खिशातून जातो, म्हणून हा मेसेज सोडवेना.

आधी भाराचं. गाडी पुढे नेताना इंजिनाला तीन गोष्टींशी झगडावं लागतं: जमीन, वारा आणि चढ. दीड टनाची गाडी चांगल्या डांबरावर हळू चालवली तर जमीन तिला साधारण अठरा-वीस किलोच्या जोराने मागे ओढते. तीच गाडी ओल्या, दबणाऱ्या मातीत घातली की हा ओढा दीडशे किलोवर जाऊ शकतो. हे दीडशे किलो दोन चाकांवर टाका नाहीतर चारांवर, बेरीज तीच राहते. मेसेजवाल्याच्या मनात बैल असावेत. दोनाच्या जागी चार जुंपले की एकेकाला हलकं जातं, हे खरंच आहे. पण चारा चौघांना घालावा लागतो. आणि गाडीत तर बैल वाढतच नाहीत, इंजिन एकच असतं. आपण फक्त दोर वाढवतो आणि प्रत्येक दोराबरोबर आणखी एक डिफरन्शियल (वळणावर दोन बाजूंना कमी-जास्त फिरू देणारी गिअरची पेटी), आणखी जॉइंट, आणखी तेलाचं घर्षण येतं.

कंपन्यांचे आकडेही हेच सांगतात. मारुतीची ग्रँड व्हिटारा २०२२ मध्ये आली तेव्हा साध्या हायब्रिड मॅन्युअल गाडीचं प्रमाणित अ‍ॅव्हरेज लिटरला २१.११ किलोमीटर होतं. तेच इंजिन, तोच मॅन्युअल गिअर, पण चारही चाकांची ऑलग्रिप घेतली की १९.३८. म्हणजे आठ टक्के गेले. त्या गाडीत ऑटो मोडवर मागची चाकं गरजेपुरतीच जोर घेतात, तरी ही घट आहे, कारण वजन आणि यंत्रणा काही घरी ठेवून निघता येत नाही.

मग ट्रॅक्टरचं काय? तिथे मेसेजवाला अर्धा खरा आहे आणि बहुतेक सगळा घोळ तिथूनच सुरू झालाय. नांगरताना ट्रॅक्टरची मागची चाकं जागच्या जागी थोडी फिरतात. आठ ते पंधरा टक्के घसर चालते, त्यापुढे डिझेल माती उकरण्यात जातं. पुढची चाकंही ओढू लागली की ही घसर कमी होते आणि वाचतं ते तिथलं डिझेल. घसर नसेल तर वाचवायला काही उरतच नाही. म्हणून तर जाणता ट्रॅक्टरवाला वावरातून डांबरावर आला की आधी पुढचा एक्सल सोडतो. फोर व्हील ट्रॅक्टरची पुढची चाकं मुद्दाम किंचित जास्त धावतील अशी बसवलेली असतात. मातीत ते चालून जातं, रस्त्यावर टायर घासून टकले होतात. हे ज्याला ट्रॅक्टरचं कळतं, त्यालाच जीपचं पटत नाही, याचं मला नवल वाटतं.

जीपमध्ये घासण्याचं कारण वेगळं आहे. आपल्याकडच्या दांड्यावाल्या किंवा बटणवाल्या बऱ्याच फोर बाय फोर गाड्यांत मधला डिफरन्शियल नसतो. फोर हाय टाकलं की चाकांकडे जोर नेणारे पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना बांधले जातात. वळणावर पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा लांबचा फेरा असतो, पण शाफ्ट त्यांना जास्त फिरू देत नाही. ओल्या मातीत चाक जरासं सरकून हिशेब मिटवतं. कोरड्या डांबरावर सरकायला जागा नसते. स्टेअरिंग जड होतं, गाडी ब्रेक लावल्यासारखी अडखळते, टायर कुरकुरतो. त्या कुरकुरीचं बिल पंपावर द्यायचं असतं आणि ट्रान्सफर केसचं, म्हणजे जोर पुढे-मागे वाटणाऱ्या पेटीचं, मिस्त्रीकडे. आमचा पावसाळा म्हणजे काही सलग झड नव्हे. चार दिवस झड, मग दहा दिवस उघाड, रस्ते खडखडीत कोरडे. ‘पावसाळाभर फोर हाय’ म्हणजे त्या उघाडीतही टायर घासत फिरणं.

ज्यांच्या गाडीत ऑटो मोडची ऑल व्हील ड्राइव्ह आहे त्यांना ही भीती नाही, ती आपलं आपण सांभाळते. त्यांनी फक्त पुढची-मागची चाकं एकत्र बांधणारं लॉकचं बटण डांबरावर दाबून ठेवू नये.

‘टू एचमध्येही शाफ्ट फिरतोच’ हे सगळ्या गाड्यांना लागू नाही. ज्यांच्या पुढच्या चाकांत सुटणारे हब (चाक शाफ्टपासून मोकळं करणारे जोड) आहेत, त्यांत टू एचवर पुढचा शाफ्ट थांबतो. जिथे हब सुटत नाहीत तिथे तो फिरतो खरा, पण रिकामा. रिकामी बैलगाडी ओढणं आणि कापसाचे गाठोडे भरून ओढणं यात जो फरक, तोच इथे.

आता फोर लो. या मेसेजमधला सर्वांत महागडा सल्ला हाच. मागच्या जुलैत एका पांदणीत मी स्वतः तो पाळून बसलो होतो. टपावर नळ्यांची बंडलं, खाली काळी भारी माती. ही माती ओली झाली की फुगते आणि चिकटते. चप्पल किलोभराची होते, टायरचं तर विचारू नका, मडगार्ड आतून भरून चाक लिंपलं जातं. वेशीवरच्या म्हाताऱ्याने हटकलं होतं, ‘कायले नेता गाडी? फसते तिथं.’ वावर चारशे मीटरवर दिसत होतं, म्हणून मी टू एचवरच घातली, डिझेल वाचेल या हिशेबाने. अर्ध्यात मागची चाकं भिरभिरायला लागली. काटा तीसवर आणि गाडी जागच्या जागी. गंमत म्हणजे किलोमीटरचा मीटर तेवढ्यातही पळत होता. म्हणजे चिखलात फिरलेल्या चाकाचं अंतरही अ‍ॅव्हरेजमध्ये धरलं जातं आणि माणसाला वाटतं, गाडी छान देते. पाच मिनिटांत क्लच जळल्याचा वास आला आणि गाडी डिफरन्शियलपर्यंत बसली. शेवटी ट्रॅक्टर आला. त्याचं डिझेलही माझंच.

फोर लोमध्ये त्याच वेगाला इंजिन कितीतरी जास्त फिरतं, हे खरं. मारुतीच्या जिम्नीत फोर लोचं गिअरिंग फोर हायच्या जवळपास नेमकं दुप्पट आहे. किलोमीटरला डिझेल जास्त लागणारच. पण लो काही नागपूरला जायला नसतो. पांदणीच्या त्या चारशे मीटरला क्लच न चावता, चाक न भिरवता, चालत्या माणसाच्या वेगाने निघून जायला तो आहे. गाडी उभी करून, चिखलात उतरायच्या आधी टाकायचा. फसल्यावर टाकला तर बहुतेक वेळा आणखी खोल खड्डा पडतो. आणि माती खरोखर भारी भिजली असेल तर लोसुद्धा पुरत नाही. तेव्हा गाडी डांबरावर ठेवून बंडल खांद्यावर घ्यावं. मी आता तेच करतो.

न्यूट्रलचं थोडक्यात. परतवाड्याहून चिखलदरा चढायचं म्हणजे गाडी साडेसातशेक मीटर उंच उचलायची. दीड टनाला त्यासाठी निव्वळ चढाचंच लिटरभर डिझेल जातं, मोड कुठलाही असो. ते परत येताना वसूल करावं असं वाटणं साहजिक आहे. पण आताच्या इंजेक्शनच्या गाड्या गिअरमध्ये उतरताना पाय उचलला की डिझेल जवळपास बंदच करतात. न्यूट्रलमध्ये इंजिन जिवंत ठेवायला उलट डिझेल द्यावं लागतं. वर घाटात सगळा भार ब्रेकवर येतो तो वेगळाच.

ईको मोड पायाला लगाम घालतो आणि काही गाड्यांत एसीलाही. ज्याचा पाय मुळात हलका, त्याला फारसा फायदा नाही. भरल्या गाडीने ओव्हरटेक करताना तो बंदच बरा.

मेसेजमध्ये जे नाही, तेच जास्त खातं. ऐंशीवरून शंभरवर गेलात की वाऱ्याचा रेटा दीडपटीहून वाढतो. टपावरच्या मोठ्या पेटीने हायवेवर सहा ते सतरा टक्के अ‍ॅव्हरेज जातं, असं अमेरिकी सरकारचं मोजमाप आहे. माझी बंडलं तर पेटीपेक्षा बेढब. चारही टायरांत एकेक पाउंड हवा कमी असेल तर ०.२ टक्के. हे किरकोळ वाटतं, पण चिखलासाठी हवा दहा पाउंड उतरवून तसेच आठवडाभर फिरणारे मी पाहिलेत. आणि वैशाखात ४५ अंशांत उन्हात तापलेली गाडी सुरू करून जवळच्याच गावी एसी लावून जाणं, यातही बरंच डिझेल जातं.

हे सगळं साळ्याला फोनवर सांगितलं. तो पांढरकवड्याचा, आठवड्याला चव्वेचाळीस नंबरच्या हायवेने नागपूर करतो. ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘भाटवे, मग मी नेमकं करू काय?’

म्हटलं, टपावरचं कॅरिअर काढ. बहिणीच्या लग्नात आंदणाचं कपाट आणायला लावलं होतं, दोन वर्षं झाली. कपाट तेव्हाच उतरलं, कॅरिअर अजून रिकामंच नागपूरला जातं-येतं.