भोपळा आकाशात फुटत नाही

सांगली-मिरजेच्या गाण्याबजावण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. कुणाची मुलगी शिकायला परदेशी निघाली, कुणाचा तिकडे कार्यक्रम लागला, की कुणीतरी तो पुढे पाठवतंच. मजकूर थोडक्यात असा: विमानाच्या पोटात हवा नसते, त्यामुळे तानपुऱ्याचा भोपळा फुटतो. म्हणून तो केबिनमध्येच न्या, आंतरराष्ट्रीय कायद्याने तसा हक्क आहे. ऐकलंच नाही तर सगळ्या तारा उतरवा, भोपळ्याभोवती कागद घट्ट कोंबा, ‘फ्रॅजाइल’चा स्टिकर लावा. तरी मोडला तर कंपनी पूर्ण भरपाई देते. खाली ‘मिरजेच्या जुन्या कारागिरांचा सल्ला’ अशी मखलाशी. मिरजेत वाद्यं बनवणाऱ्यांच्या सतारमेकर गल्लीत जाऊन विचारा, यातल्या निम्म्या गोष्टींना तिथे कुणी मान डोलावणार नाही.

आधी हवेचं बघू. प्रवासी विमानात माणसं बसतात ती केबिन आणि खालचा सामानाचा कप्पा हे दोन्ही एकाच दाबाच्या कवचात असतात. मधे फक्त फरशी. पाळलेली कुत्री-मांजरं खालच्याच कप्प्यातून जातात आणि जिवंत उतरतात. उड्डाणात आतला दाब साधारण ६,००० ते ८,००० फूट उंचीवरच्या हवेइतका ठेवलेला असतो. महाबळेश्वर ४,५०० फुटांच्या आसपास आहे. तिथला घाट चढताना वेफर्सची पुडी फुगते, कारण ती हवाबंद असते. तानपुरा हवाबंद नसतो. लाकडाचे सांधे, खुंट्यांची भोकं, कुठूनही हवेला वाट मिळते, आणि दाब उतरतो तोही सावकाश. बरं, दाबाने भोपळा फुटायचाच असता तर शेजारच्या सीटवर बेल्ट बांधून बसवला तरी फुटला असता. मग केबिनचा आग्रह कशासाठी?

तबलीला, म्हणजे भोपळ्याच्या तोंडावर बसवलेल्या पातळ लाकडी झाकणाला, चीर गेल्याच्या तक्रारी खोट्या नाहीत, पण त्यांचं कारण बहुतेकदा उतरल्यानंतरचं असतं. मंगळवेढा-पंढरपूरकडचा भोपळा, तुणाचं लाकूड आणि आपली पावसाळी हवा, यात तयार झालेलं वाद्य थंडीत न्यू जर्सीच्या हीटर लावलेल्या घरात जातं. ती हवा हाडं वाळवणारी कोरडी. लाकूड आकसतं, खुंट्या सैल पडतात, तबली ताणली जाते. महिन्याभराने चीर दिसली की दोष विमानाला. पोचल्यावर पेटी लगेच उघडू नका, रात्रभर खोलीत तशीच राहू द्या, आणि पुढे हिवाळाभर खोलीत ओलावा ठेवा.

आता तारा. ‘सगळ्या उतरवा’ हा या मेसेजमधला सगळ्यात घातक सल्ला. बऱ्याच तानपुऱ्यांची घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, तबलीवर तारांच्या दाबानेच जागेवर बसलेली असते. तारा पार सोडल्या की ती सुटते, आणि पेटीत घरंगळत तबलीचं पॉलिश खरवडते. जवारी, म्हणजे तार घुमावी म्हणून घोडीला दिलेली घडण, ज्या जागेला लावलेली असते ती जागाही जाते. शिवाय खुंटीवरचे वेढे उलगडून तारेला पीळ पडतो, आणि पीळ पडलेली तार पुन्हा कधी सरळ बोलत नाही. पण तानपुरा चढ्या सुरात तसाच ठेवणंही बरं नाही, कारण थंडीत तार आकसते आणि ताण वाढतो. मधला रस्ता असा: काळी एकला लागलेला तानपुरा पांढरी सहापर्यंत (हार्मोनियमवर काळ्या-पांढऱ्या मिळून चार पट्ट्या) खाली आणा, चारही तारा थोड्या-थोड्या करत, एकच तार एकदम नको. घोडी हलणार नाही इतका ताण राहिला पाहिजे. घोडीवर तारांखाली सरकवलेले जवारीचे दोरे काढून एका छोट्या पाकिटात घाला. घोडीच्या पुढे-मागे, तारांखाली, मऊ सुती कापडाची घडी सरकवा. सूर बारीक जुळवायचे मणी आहेत तिथेच राहू द्या.

कागद कोंबण्याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण तानपुरे खरे मोडतात ते इथे. पेटी हातातून सुटते किंवा विमानतळावरच्या सामानाच्या पट्ट्यावर तिच्यावर दुसरी बॅग आदळते, तेव्हा भोपळ्याभोवती घट्ट कागद असेल तर पेटीच्या भिंतीवरचा धक्का सरळ भोपळ्याच्या पातळ सालीला पोचतो. भोपळा मोकळा पाहिजे. धरून ठेवायचा तो दांडी भोपळ्याला मिळते त्या गळ्याशी. वाद्याचा सगळ्यात नाजूक सांधा तोच, पेटी उभी आपटली की पहिला तोच उघडतो. गळ्याखाली दाट फोमचा ठोकळा कापून बसवा, दांडीच्या मध्यावर दुसरा, आणि खुंट्यांच्या अलीकडे तिसरा. खुंट्या कशालाही टेकता कामा नयेत. भोपळ्याच्या बुडाशी जुन्या नऊवारीची जाड चुंबळ वळून ठेवा. तिच्यावर तो बसतो, पण सगळ्या बाजूंनी दोन बोटं जागा राहते. पेटी बंद करून हलवून बघा. आतून आवाज आला तर पुन्हा उघडा. बबलरॅप चालतो, पण खुंट्यांवरून आणि घोडीवरून, ओरखडे टाळायला. वजन झेलण्याचं काम त्याचं नाही.

फायबरची पेटी घेतली की काळजी मिटली, असंही मेसेजखालच्या उत्तरांत कुणीतरी लिहिलंय. पेटी कडक हवीच, कापडी पिशवीत तानपुरा चेक-इनला देणं म्हणजे धाडसच. पण तयार पेटी सगळ्या भोपळ्यांना सारखी बसत नाही. तानपुरा बरोबर घेऊन जा आणि पेटी त्याच्या मापाने आतून भरून घ्या. मिरजेत हे करून देणारे आहेत. दूरच्या लोकांनी हेवा करावा अशी ही सोय, आणि आपण मात्र ऑनलाइन पेटी मागवतो.

केबिनच्या हक्काचं मूळ अमेरिकेत आहे. तिथे २०१२ चा कायदा आणि २०१५ पासून लागू झालेला नियम सांगतो की वरच्या कप्प्यात जागा असेल तर छोटं वाद्य नेऊ द्यावं. तो अमेरिकन विमान कंपन्यांपुरता आहे, आणि साडेचार-पाच फुटी तानपुरा त्या कप्प्यात मावणारच नाही. काही कंपन्या वाद्यासाठी वेगळी सीट विकतात, पण उंचीची अट असते. ते तिकीट काढण्याआधीच लेखी विचारा. कोल्हापूरहून उडणारी बरीच विमानं छोटी असतात. त्यांच्या सामानाच्या दारातून पेटी जाईल का, हेही आधीच विचारून ठेवा. गाडीने पुण्या-मुंबईला जाणार असाल तर एप्रिल-मेच्या उन्हात बंद डिकीत तानपुरा ठेवू नका. उष्णतेने सरस मऊ पडतो आणि सांधे विमानतळाच्या आधीच सुटतात.

स्टिकर जरूर लावा, नुकसान काही नाही. पण सामानाचा मोठा प्रवास यंत्राच्या पट्ट्यांवरून होतो आणि पट्ट्याला वाचता येत नाही. त्यापेक्षा काउंटरवर ‘मोठ्या मापाचं सामान’ म्हणून हाताने घ्यायला सांगा. तिथे एखाद्या टॅगवर सही मागतील. तो टॅग नीट वाचा, कारण नाजूक सामानाची जबाबदारी कंपनीवर नाही असं तुमच्याकडून लिहून घेतलेलं असतं. आंतरराष्ट्रीय प्रवासात अशा सहीने माँट्रियल करारातली, म्हणजे विमान कंपन्यांच्या जबाबदारीच्या आंतरराष्ट्रीय करारातली, कंपनीची जबाबदारी संपत नाही, पण पूर्ण भरपाईही ठरलेली नसते. या करारानुसार सामानाची भरपाई २८ डिसेंबर २०२४ पासून प्रत्येक प्रवाशामागे कमाल १,५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक), म्हणजे पावणेदोन लाख रुपयांच्या आसपास आहे. तीही झालेलं नुकसान दाखवल्यावर, आणि मूळच्या दोषामुळे मोडलं असेल तर तेवढं वजा. वाद्य त्याहून महाग असेल तर चेक-इनच्या वेळीच जास्त किंमत जाहीर करून जादा पैसे भरायची सोय करारात आहे. नाहीतर वेगळा विमा.

मेसेजमध्ये मुळीच नसलेली एक गोष्ट: आजोबांच्या तानपुऱ्यावर हस्तिदंताची नक्षी किंवा सांबरशिंगाची घोडी असेल तर तो परदेशी नेऊ नका. कस्टमला तो वाद्य म्हणून दिसत नाही, वन्यजीव कायद्याचा गुन्हा म्हणून दिसतो. ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्यांनी सुका भोपळा आणि लाकूड उतरण्याच्या फॉर्मवर जाहीर करायचं.

पेटी बंद करण्यापूर्वी गळा, घोडी, खुंट्या आणि तबली यांचे फोटो काढून ठेवा. पोचल्यावर पट्ट्यावरून घेताच पेटीचे कोपरे बघा. एखादा चेचलेला दिसला तरच तिथे उघडून बघा आणि विमानतळाबाहेर पडण्याआधी काउंटरवर लेखी नोंद करा. घरी जाऊन कळलं तरी सामान मिळाल्यापासून सात दिवसांच्या आत तक्रार लेखीच गेली पाहिजे. फोनवर बोललेलं धरत नाहीत.