‘सांगलीत गाडी घेऊ नका’ या एक स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा रिव्ह्यू वाचला. सोबत पुण्याचं कोटेशन आणि आमचं सर्व्हिस बिल यांचे फोटो टाकलेत ते बरं केलंत, नाहीतर असली भांडणं नुसती हवेत होतात. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: हीच गाडी पुण्यात ३८ हजारांनी स्वस्त होती, आम्ही इन्शुरन्स गळ्यात मारला, फ्री सर्व्हिसचे पैसे लावले, २२ हजार किलोमीटरला क्लच गेला तर वॉरंटी नाकारली, आणि जीएसटी उतरणार हे माहीत असूनही जूनमध्ये गाडी तुमच्या माथी मारली. म्हणून सगळ्यांना सल्ला, की सांगलीत गाडी घेऊ नका, सरळ पुण्याला जा.

जीएसटीचं आधी उरकतो. दर कमी होणार ही गोष्ट देशाला कळली १५ ऑगस्ट २०२५ ला, कौन्सिलचा निर्णय झाला ३ सप्टेंबरला आणि नवे दर लागू झाले २२ सप्टेंबरला. तुमची गाडी जूनची. आम्हाला आधी कळलं असतं तर आम्ही जुलै-ऑगस्टमध्ये सेस, म्हणजे जीएसटीवरचा जादा कर, भरून यार्ड भरून ठेवलं असतं का? तो सेस आमचाच अडकला.

आता ३८ हजार. तुमच्या गाडीची एक्स-शोरूम किंमत ८ लाख २० हजार. पेट्रोल गाडी, १० लाखांच्या आत, म्हणजे रोड टॅक्स ११ टक्के, ९०,२०० रुपये. रोड टॅक्सवरचा सेस, नंबरप्लेट, फास्टॅग हेही एमएच-१० ला जेवढं, तेवढंच एमएच-१२ ला. यातला एक रुपया कोणत्या डीलरच्या हातात नाही. मग फरक येतो कुठून? तुमच्याच फोटोत आहे. १५ हजारांचं डिस्काउंट आहे आणि त्याच्यापुढे बारीक अक्षरात २०२४ चा स्टॉक असं लिहिलंय. आमची गाडी मे २०२५ ची. आरसीवर उत्पादनाचा महिना आणि वर्ष छापलेलं असतं, आणि पाच वर्षांनी गाडी विकायला काढाल तेव्हा समोरचा पहिल्यांदा तेच बघेल. ८,५०० रुपये मॅट, सीट कव्हर, मडफ्लॅप यांचे, जे त्यांच्या कोटेशनमध्ये नाहीत आणि आमच्याकडे तुम्ही स्वतः निवडून बसवून घेतलेत. राहिले १४,५०० रुपये. ते इन्शुरन्सचे.

इथे थोडं सविस्तर लिहितो, कारण हा रिव्ह्यू वाचून आणखी चार जण तीच तुलना करतील. विमा आमच्याकडूनच घ्या अशी सक्ती कोणत्याही डीलरला करता येत नाही. तुम्ही बाहेरून आणला असता तरी गाडीची चावी त्याच दिवशी मिळाली असती. तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा नव्या गाडीला बंधनकारक आहे आणि हजार ते दीड हजार सीसीला त्याचा दर १०,६४० रुपये अधिक जीएसटी, तो दोन्हीकडे सारखाच. फरक आहे तो पुढच्या ओळींत. पुण्याच्या कोटेशनमध्ये आयडीव्ही ७ लाख १० हजार धरलाय, आमच्याकडे ७ लाख ७९ हजार. गाडी चोरीला गेली तर हातात पडणारी रक्कम हीच. त्यांच्याकडे झिरो डेप, म्हणजे घसारा न कापता पार्टचे पैसे देणारं कव्हर, नाही. झिरो डेप नसेल तर प्लास्टिकच्या पार्टला ५० टक्के घसारा लागतो, मग गाडी काल शोरूममधून निघालेली का असेना. बंपर प्लास्टिकचाच असतो, आणि मारुती रोडवर पहिला मार बंपरलाच बसतो.

तिसरी ओळ इंजिन प्रोटेक्टची, म्हणजे पाण्याने इंजिन गेलं तर त्यासाठीच्या वेगळ्या कव्हरची. ‘उगाच लावलेली’ असं तुम्ही म्हणता ती हीच. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५. पाणी ओसरल्यावर आमच्या वर्कशॉपबाहेर टोइंगच्या गाड्यांची रांग लागली. दारापर्यंत पाणी चढलेली, पण मालकाने चावीला हात न लावलेली गाडी बहुतेक वेळा वाचली. सीट काढल्या, वायरिंग वाळवलं, ऑइल बदललं, सुरू. ज्यांनी ‘बघू तरी चालू होते का’ म्हणून सेल्फ मारला त्यांचं इंजिन उघडावं लागलं. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर येतो, पाणी काही दाबलं जात नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या पॉलिसीत पुराचं नुकसान मिळतं, पण असं इंजिन विमा कंपनी सहसा मंजूर करत नाही. बुडालेली गाडी चालू करून नंतर झालेलं नुकसान, असं म्हणून हात वर करते. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. पुण्यातल्या एक्झिक्युटिव्हला कृष्णेची पातळी माहीत असायचं कारण नाही. सांगलीत नदीकाठच्या गल्लीत गाडी लावणाऱ्याला मी ही ओळ खोडू देणार नाही असं नाही, पण दोनदा विचारेन. तुम्हालाही विचारलं होतं, विम्याच्या प्रपोजल फॉर्मवर तुमची सही आहे.

फ्री सर्व्हिसचं बिल. फ्री असते ती लेबर. ऑइल, ऑइल फिल्टर, ड्रेन प्लगचा वॉशर याचे पैसे कोणत्याही कंपनीच्या कोणत्याही डीलरकडे लागतात, आणि ते सर्व्हिस बुकलेटमध्ये कूपनच्या पानावरच लिहिलेलं आहे. अलाइनमेंट-बॅलन्सिंग वेगळं. तुमच्या फोटोत नेमक्या एवढ्याच ओळी आहेत. इंजेक्टर क्लीनिंग आणि एसी डिसइन्फेक्शन अ‍ॅडव्हायझरने सुचवलं, तुम्ही नको म्हणालात, ते बिलात आलं नाही. सुचवतात का, हेही सांगून टाकतो: प्रत्येक कंपनी वर्कशॉपला अशा कामांचं टार्गेट देते, आम्हालाही आहे. माझं स्वतःचं मत विचाराल तर १० हजार किलोमीटर चाललेल्या नव्या गाडीला इंजेक्टर क्लीनिंगची गरज नसते. जॉबकार्डवर सही करण्याआधी एकेक ओळ वाचा आणि नको ते खोडा. तुम्ही तेच केलंत, आणि तरीही स्टार एकच.

क्लचबद्दल तुमचा राग समजतो. २२ हजार हे काही क्लच जायचं वय नव्हे. पण क्लच प्लेट ही ब्रेक पॅडसारखी घासणारी वस्तू आहे. उत्पादनातला दोष निघाला तरच वॉरंटी लागते. गिअरबॉक्स उतरवला तेव्हा तुम्ही समोर होता. प्लेटवरचं अस्तर रिव्हेटपर्यंत गेलं होतं आणि फ्लायव्हीलवर निळसर डाग होते. असे डाग उष्णतेने पडतात, म्हणजे क्लच अर्धा दाबलेला राहिला. प्रेशर प्लेटची बोटं एका पातळीत होती, ऑइल सील कोरडा होता. दोष असता तर त्याची खूण या दोन ठिकाणी दिसली असती. गाडी घरात तिघे चालवतात, त्यातला एक शिकाऊ, हे तुम्ही रिव्ह्यूतच लिहिलंय, मी वेगळं काही म्हणत नाही. तरी नव्या गाडीचा विचार करून आम्ही कंपनीकडे गुडविलसाठी, म्हणजे वॉरंटीत बसत नसलं तरी खर्च उचला म्हणून, केस पाठवली होती. कंपनीने नाही म्हटलं, ते मेल तुम्हाला फॉरवर्ड केलं आहे. लेबर आम्ही आमच्या पातळीवर निम्मी घेतली, ते बिलात दिसतं.

पुण्याला जाण्याबद्दल. खुशाल जा. घासाघीस केली तर तिथे चार-पाच हजार खरोखर जास्त सुटतात, त्यांचा खपच तेवढा आहे. कंपनीची वॉरंटी देशभर चालते, त्यामुळे पुण्याची गाडी आमच्या वर्कशॉपला आली म्हणून इथे कोणी तोंड वाकडं करणार नाही. आमच्या रॅम्पवर रोज एमएच-१२ च्या गाड्या असतात. फक्त कोटेशन घेताना तीन गोष्टी लेखी घ्या: उत्पादनाचा महिना, आयडीव्ही, आणि हँडलिंग किंवा लॉजिस्टिक्स नावाची ओळ आहे का. ती ओळ आमच्याकडे नाही. आणि डीलर कोणताही असो, शोरूमच्या सोफ्यावर कॉफी पिण्याआधी मागे वर्कशॉपमध्ये एक चक्कर मारा. डेंटिंगच्या शेडमध्ये गाड्या किती दिवस धूळ खात पडल्यात, पार्ट यायला किती वेळ लागतो, तिथे थांबलेल्या एखाद्या गिऱ्हाइकाला विचारा. शोरूम सगळ्यांचे चकाचकच असतात.

तुमची जुनी प्लेट आणि प्रेशर प्लेट जॉबकार्ड नंबर घातलेल्या पिशवीत पार्ट काउंटरला ठेवली आहे. सहसा पंधरा दिवसांनी भंगारात जाते, तुमची मी थांबवून ठेवली आहे. तुमच्या भरवशाचा कोणताही मेकॅनिक घेऊन या, त्याला दाखवा. त्याने उत्पादनातला दोष आहे असं लेखी दिलं तर तो कागद लावून कंपनीकडे केस पुन्हा पाठवतो. वर्कशॉप सोमवार ते शनिवार साडेनऊ ते साडेसहा. मी दुपारनंतर असतो.

— मालक, सांगली-मिरज रोड