गुंज म्हणजे ज्येष्ठमध नव्हे

‘कुंपणावरची गुंज हेच आपलं गावठी ज्येष्ठमध, पाला, मूळ, बी सगळं खोकल्यावर चालतं,’ असा मेसेज सध्या फिरतोय. त्यात खरं आहे ते एवढंच, की गुंजेचा पाला गोड लागतो आणि तो विड्यात घालतात.

ज्येष्ठमध ही वेगळी वनस्पती. तिची मुळं वापरतात, आणि बाजारातला बराचसा माल अफगाणिस्तान, इराणकडून येतो. आपल्या रानात ती आपोआप उगवत नाही.

बियांबद्दलचा सल्ला मात्र सरळ जिवावर बेतणारा आहे. लाल-काळ्या गुंजेत अ‍ॅब्रिन हे जहाल विष असतं. पांढरी गुंजही निर्धोक नाही. कवच टणक असल्याने अख्खं बी कधी तसंच बाहेर पडतं, पण चावलेलं, कुटलेलं किंवा माळेसाठी भोक पाडलेलं बी घातक. उलट्या-जुलाब काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी सुरू होतात. उतारा नाही, म्हणून लक्षणांची वाट न पाहता दवाखाना गाठावा. आयुर्वेदातही गुंज उपविषांत (दुय्यम विषांत) मोडते, शोधनाशिवाय (विषारीपणा कमी करणाऱ्या शुद्धीशिवाय) वापरत नाहीत.

सोनारांनी ती तोलायला घेतली (९६ गुंजांचा तोळा), खायला नव्हे! आणि हो, खरं ज्येष्ठमधही रक्तदाब असणाऱ्यांनी रोज चघळू नये.