पांढरी सेडान आणि जांबोटीची आज्जी

आधी पोतं आत आलं, मग पिशवी, मग आज्जी, आणि सगळं नीट बसल्यावर प्रश्न आला, "जांबोटीला किती घेणार?"

मी बेळगाव स्टेशनबाहेर पाहुण्यांची वाट बघत उभा होतो. इंजिन चालू, एसी चालू. गाडी पांढरी, चार मीटरच्या आतली, डिकीवाली आणि सेकंडहँड. ह्यातला एखाददुसरा गुण असता तर निभावलं असतं. चारही एकत्र आले की लोकांच्या लेखी ती टॅक्सीच, तुम्ही कितीही ओरडा.

"आज्जी, ही टॅक्सी नाही. घरची गाडी आहे."

"असू दे की. घरची म्हणून काय जांबोटीला जात न्हाई?"

"तसं नाही हो. मी भाडं मारत नाही."

"मग हितं स्टेशनपुढं कशाला हुबारलाईस?"

"पाहुणे येणार आहेत."

"येऊ देत. मी कडंला बसतो."

एवढ्यावर थांबली असती तर मी सोडूनही आलो असतो. पण तिनं नाक मुरडलं. "माझा ल्योक मडगावात टॅक्सी मारतोय. मला खुळी समजूलालास काय रे? टॅक्सी मला वळखायला येत न्हाई?" आणि तिनं तपासणी सुरू केली.

डावीकडचं मागचं दार उघडून तिनं दोनदा आपटलं. "बघ. दार खाली बसलंय. वर उचलल्याबिगर लागत न्हाई."

आता राग येऊनही सांगायला हवं की परीक्षा अगदी बरोबर आहे. टॅक्सीत गिऱ्हाईक फुटपाथच्या बाजूनं चढतं, म्हणजे डावीकडचं मागचं दार सगळ्यात जास्त झिजतं. बिजागरीची पिन खाल्ली जाते, दार दोन-तीन मिलिमीटर खाली येतं आणि लॉकच्या हुकावर घासायला लागतं. तिथला रंग उडालेला दिसला तर दलालाला आरसी, म्हणजे गाडीच्या नोंदणीचा कागद, मागावी. 'मोटार कार' लिहिलंय की 'मोटार कॅब', एवढंच वाचायचं. टॅक्सी मोडून खाजगी केलेली असली तर परिवहनच्या सरकारी वेबसाइटवरच्या नोंदीतही ते सापडतं. शिवाय टॅक्सीला ताशी ८० किलोमीटरचा स्पीड गव्हर्नर लागतो. तो काढला तरी बॉनेटखाली रिकामी पट्टी किंवा टेप गुंडाळलेल्या वायरी राहतात. हे सगळं मी घेताना बघितलं होतं. माझं दार सैल आहे, कारण आधीच्या मालकाला तीन पोरं होती.

हे मी आज्जीला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि पुढं वाकून डॅशबोर्डवर बोट ठेवलं. "मग ही भोकं कसली? मीटरची."

"मीटरची नाहीत. तिथं गणपती होता. मालकानं गाडी देताना काढून घेतला."

आज्जी गप्प झाली. मग आवाज उतरवून म्हणाली, "देव काढून घेतला आणि गाडी दिली? असली गाडी घेऊ ने रे बाबा."

ह्यावर कुठल्याही मेकॅनिककडं उपाय नाही.

"कुठनं आणलीस?"

"कोल्हापूर."

"पुरातली आसणार."

हा घाव खरा वर्मी लागला. कारण २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै, कोल्हापूर-सांगलीत दोन्ही वेळा गाड्या टपापर्यंत बुडाल्या. त्यातल्या काही धुऊन-पुसून, अत्तर मारून बाजारात आल्या. आमच्याकडं एमएच ०९ आणि एमएच १० च्या गाड्या नेहमीच येतात, म्हणून ही तपासणी सोडू नये. सीटबेल्ट शेवटापर्यंत ओढायचा. धुणारे वरचा हातभर पट्टा धुतात, आत गुंडाळलेल्या भागावर गढूळ पाण्याची रेघ तशीच राहते. सीट पुढं सरकवून खालचे रूळ बघायचे, त्यात वाळलेली माती अडकते. डिकीतली स्टेपनी उचलून खालच्या खड्ड्यात हात फिरवायचा. आणि अत्तराचा वास फार येत असेल तर काचा लावून, एसी बंद करून दहा मिनिटं आत बसायचं. कुबट वास आपोआप वर येतो. एकदा पाणी शिरलं की वायरिंगची कनेक्टरं हळूहळू हिरवी पडतात. आज सेंट्रल लॉक जातं, पुढच्या महिन्यात ब्रेकच्या एबीएसचा दिवा लागतो, आणि एका कनेक्टरपायी अख्ख्या गाडीच्या वायरी उसवाव्या लागतात.

माझ्या गाडीत ह्यातलं काही नाही. पण स्टेशनबाहेर सीटबेल्ट ओढून आज्जीला दाखवत बसण्याची पाळी कुणावर येऊ नये. मी दाखवला. शेजारचे दोन रिक्षावालेही वाकून बघून गेले. आज्जीनं बोटानं पट्टा घासला, बोट हुंगलं आणि "असंल" एवढंच म्हणाली.

"कितीला पडली?"

मी पन्नास हजार कमी करून सांगितलं.

"फशीवलं तुला."

एवढं सगळं ऐकवून झाल्यावर ती उतरली. मी सांगितलं म्हणून नाही. मांडीजवळ पोतं अडचण करत होतं, ते मागं टाक म्हणाली, आणि ते डिकीत जाईना. आता हा दोष माझा नव्हे, सरकारचा. २००६ च्या बजेटात चार मीटरच्या आतल्या लहान गाड्यांचं अबकारी शुल्क २४ टक्क्यांवरून १६ वर आणलं, आणि कंपन्यांनी सेडानची शेपूट छाटायला घेतली. २००८ मध्ये टाटाची इंडिगो सीएस आली. २०१२ ची मारुतीची डिझायर ३९९५ मिलिमीटरची, म्हणजे करसवलतीच्या रेषेच्या आत पाच मिलिमीटर. कागदावर डिकी ३१६ लिटरची, पण लिटर मोजायला पाणी नव्हे, पोतं घालायचं असतं. अशा गाड्यांत तोंड अरुंद, काठ उंच, आणि झाकणाच्या वाकड्या दांड्या बंद होताना आतच येतात. भरलेलं पोतं तिरकं घातलं तरी झाकण वर उभंच.

"ह्यापेक्षा टेंपो बरा," म्हणत ती गेली. म्हणजे टॅक्सी समजून बसली आणि टॅक्सी म्हणूनही नापास केली. पोतं मात्र मलाच रस्त्यापलीकडं उचलून न्यायला लावलं.

बरं, पाटी बदलली तर निदान कोल्हापूरचं पुराण तरी थांबेल, असं वाटतं ना? कायदा म्हणतो, दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त गाडी ठेवली की तिथला नंबर घ्या. त्यासाठी आधी मूळ आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८. कर्ज असेल तर बँकेकडून फॉर्म ३५. मग नावावर करायला २९ आणि ३०, नवीन नंबराला २७, चेसिस नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासलेली छाप वेगळी. आणि कर्नाटकाचा आजीवन कर रोख. महाराष्ट्रात भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मिळतो, पण इकडचा नंबर पडल्यावर, तिकडं अर्ज करून, मिळेल तेव्हा. सीमेवरच्या कोगनोळीच्या अलीकडं-पलीकडं ऊस तोच, भाषा तीच, खड्डेही सारखेच, कर तेवढा दोनदा. आमच्या गल्लीतले एक काका तर पाटी बदलूच नको म्हणून मागं लागलेत. म्हणतात, "आपण गेलो न्हाई महाराष्ट्रात, गाडी तरी राहू दे." करातला निम्मा वाटा मागितला तर विषय बदलतात.

म्हणून मी रंगच बदलायचा ठरवला. त्यालाही आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद लागते, विमा कंपनीला कळवावं लागतं. ते केलं असतं. उद्यमबागेतल्या पेंटरकडं गेलो तर त्यानं आधी माझ्या तोंडाकडं बघितलं.

"भगवी केलासा तर एक जण आडवणार. कन्नड झेंड्यागत लाल-पिवळी केलासा तर दुसरा. काळी केलासा तर एक नोव्हेंबरला, काळ्या दिनाला, घरातच ठेवा."

"मग राखाडी करा."

"करूया की," तो म्हणाला. "टॅक्सीवाले बी आता त्योच मागूलाल्यात. धूळ दिसत न्हाई."