हातचं सोडलं तरी हात मोकळा होत नाही : मुस्ताकसच्या लेखावरील प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. उत्तर लांबणार आहे, म्हणून वेगळं लिहितो आहे.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. २०१७ च्या नोव्हेंबरात अमेरिकन बेसबॉलमधल्या कॅन्सस सिटी रॉयल्स संघाने आपलाच खेळाडू माइक मुस्ताकस याच्यापुढे एका वर्षाचा १ कोटी ७४ लाख डॉलरचा करार ठेवला होता. त्याने तो नाकारला, आणि मार्चमध्ये त्याच संघाकडे ६५ लाखांवर सही केली. दोष या 'क्वालिफायिंग ऑफर'च्या नियमाचा आहे, आणि अशी ऑफर घेणारे ग्रिशम आणि टॉरेस शहाणे, असं मी लेखात म्हटलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत, "हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागला, यात नियमाचा काय दोष? माझा मुलगा अकरा महिन्यांच्या करारावर शिकवतो. कोट्यधीशांच्या लोभापायी आम्ही डोळे का ओले करायचे? आणि ग्रिशम, टॉरेस 'शहाणे', मुस्ताकस 'फसलेला', हे तुम्ही निकाल लागल्यावर म्हणताय."

शेवटच्या मुद्द्यावर तुमचं बरोबर आहे. 'शहाणे' हा शब्द मी वापरायला नको होता. ट्रेंट ग्रिशम आणि ग्लेबर टॉरेस यांनी २०२५ च्या नोव्हेंबरात ऑफर घेतली. ती घेताना पुढच्या मोसमात काय होणार हे त्यांना जेवढं ठाऊक होतं तेवढंच मुस्ताकसलाही ठाऊक होतं. निर्णयाची परीक्षा निर्णयाच्या दिवशीच्या माहितीवर व्हायला हवी, हे मी एरवी इतरांना सांगतो आणि त्या लेखात स्वतःच विसरलो.

पण लोभाचं मला पटत नाही. तुमची म्हण इथे का लागू होत नाही ते सांगतो.

ही क्वालिफायिंग ऑफर संघ आपल्याच, करार संपलेल्या खेळाडूला देतो. रक्कम सर्वांना एकच असते, सर्वाधिक पगार असलेल्या १२५ खेळाडूंची सरासरी. २०१२ मध्ये ती १ कोटी ३३ लाख डॉलर होती, २०२५ मध्ये २ कोटी २० लाख २५ हजार. खेळाडू 'नाही' म्हणाला आणि दुसऱ्या संघाने त्याला घेतलं, तर त्या संघाला पुढच्या ड्राफ्टमधली (नवे खेळाडू पाळीपाळीने निवडण्याच्या वार्षिक फेरीतली) आपली एक निवड सोडावी लागते, श्रीमंत संघांना दोन, आणि वर परदेशी तरुण खेळाडूंसाठीच्या निधीतला वाटाही. जुन्या संघाला मात्र भरपाई म्हणून जास्तीची निवड मिळते. म्हणजे नकार देणारा खेळाडू कालच्याच किमतीला बाजारात उतरत नाही, कालच्यापेक्षा महाग होऊन उतरतो, आणि त्या महागाईतला एक पैसाही त्याच्या खिशात जात नाही. तुमच्या म्हणीत हातचं सोडलं की निदान हात तरी मोकळा होतो. इथे तो होत नाही.

अगदी वरच्या खेळाडूंना याचा फरक पडत नाही. डिलन सीझने २०२५ मध्ये हीच ऑफर नाकारली आणि टोरांटोने त्याला सात वर्षांचे २१ कोटी दिले. एवढी रक्कम मोजणारा संघ एका ड्राफ्ट निवडीसाठी अडून बसत नाही. अडतो तो चांगला पण अव्वल नसलेला, तिशीला आलेला खेळाडू. २०१३ मध्ये स्टीव्हन ड्रू आणि केंड्रिस मोरालेस यांनी १ कोटी ४१ लाख नाकारले आणि पुढचा मोसम सुरू झाला तरी दोघे घरीच होते. ड्रूला मे महिन्यात त्याच्याच जुन्या बॉस्टनने घेतलं. मोरालेसला मिनेसोटाने जूनमध्ये घेतलं, ड्राफ्ट उरकल्यावर, म्हणजे त्याच्या नावावरचा तो बोजा आपोआप उतरल्यावर. २०१९ मध्ये डॅलस काइकेल आणि क्रेग किंब्रेल यांचंही तेच झालं. काइकेलकडे तर सर्वोत्तम पिचरला (चेंडू टाकणाऱ्याला) मिळणारा साय यंग पुरस्कार होता. ड्राफ्ट जूनच्या पहिल्या आठवड्यात झाला आणि त्याच आठवड्यात दोघांचे करार ठरले. तारखा एवढ्या जुळतात तेव्हा कारण खेळाडूच्या हावेत शोधावंसं मला वाटत नाही.

मुस्ताकसच्या बाबतीत मात्र मी एक गोष्ट लेखात गाळली होती. पुढच्या हिवाळ्यात त्याच्यावर कसलाच बोजा नव्हता, तरी मिलवॉकीकडून त्याला एकाच वर्षाचे १ कोटी मिळाले. चार वर्षांचा ६ कोटी ४० लाखांचा करार सिनसिनाटीने दिला तो २०१९ च्या डिसेंबरात. तेव्हा सगळा दोष नियमावर टाकणं चुकलंच. पण त्याने 'नाही' म्हटलं त्या दिवशीचा मुस्ताकस आठवा. वय २९. २०१६ च्या मे महिन्यात मैदानात सहकाऱ्यावर आदळून गुडघ्याचा स्नायुबंध फाटलेला, आणि परतल्यावर २०१७ मध्ये ३८ होमरन, रॉयल्सच्या इतिहासात तोवर कोणीच एका मोसमात न मारलेले. गुडघा एकदा गेलेल्या माणसाला एका वर्षाच्या करारात काय दिसतं? पुन्हा तसंच काही झालं, तर पुढच्या नोव्हेंबरात कोणी विचारणार नाही.

याच्या उलट बाजूला पिचर ह्युन-जिन र्‍यू आहे, आणि मला त्याची गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते. २०१५ मध्ये खांद्याची शस्त्रक्रिया, ते अख्खं वर्ष बाहेर, २०१६ मध्ये फक्त एक सामना, २०१८ मध्ये जांघेच्या दुखापतीमुळे जेमतेम पंधरा. त्याने डॉजर्सची १ कोटी ७९ लाखांची ऑफर घेतली. २०१९ मध्ये त्याचा ईआरए, म्हणजे पिचरने स्वतःच्या दोषाने दर नऊ डावांमागे दिलेल्या धावांची सरासरी, २.३२ होता, दोन्ही लीग मिळून सर्वांत कमी. ही ऑफर एका खेळाडूला आयुष्यात एकदाच देता येते, त्यामुळे त्या हिवाळ्यात तो मोकळा होता, आणि टोरांटोने त्याला चार वर्षांचे ८ कोटी दिले. त्यातल्या तिसऱ्या वर्षी, २०२२ च्या जूनमध्ये, कोपराची शस्त्रक्रिया झाली. पुढचा सामना त्याने खेळला तो २०२३ च्या ऑगस्टमध्ये. मधल्या काळात पगार थांबला नाही, कारण करार हमीचा होता. लांब मुदतीसाठी जीव का टाकतात, याचं उत्तर त्या चौदा महिन्यांत आहे. र्‍यूला हे दान पडलं कारण २०१९ भर त्याचा खांदा टिकला. टिकला नसता, तर ऑफर घेणाराच 'फसलेला' ठरला असता.

आणि इथवर पोचायला सहा वर्षं लागतात, हेही लक्षात घ्या. लीगमधल्या पहिल्या तीन वर्षांत बहुतेकांना किमान पगाराच्या आसपास मिळतं (२०२५ मध्ये तो ७ लाख ६० हजार डॉलर होता), पुढची तीन वर्षं लवादाच्या आधाराने वाढ. तोवर संघ त्याला विकू शकतो, तो स्वतः संघ सोडू शकत नाही. आपली किंमत बाजाराला विचारायची पहिली संधी येते तेव्हाच ही ऑफर पुढे येते, आणि उत्तर द्यायला दोन आठवडेही नसतात.

तुमच्या मुलाबद्दल. त्याच्या अकरा महिन्यांपुढे या रकमांची बरोबरी मी करणार नाही, आणि डोळे ओले करा असंही मी म्हटलेलं नाही. दर वर्षी जूनमध्ये पुन्हा बोलावतील की नाही याची वाट पाहणं काय असतं, हे तुमच्या घरात माझ्यापेक्षा जास्त कळतं. म्हणूनच, करार एका वर्षाचा आहे एवढ्यावरून तो नाकारणाऱ्याला लोभी म्हणताना तुम्ही थांबाल असं मला वाटलं होतं.

नियम बदलेल का, असंही तुम्ही विचारलंत. २०२२ च्या उन्हाळ्यात तो जवळजवळ गेलाच होता. परदेशी खेळाडूंसाठीचा ड्राफ्ट मान्य करा, मग ही ऑफर रद्द करू, असा मालकांचा प्रस्ताव होता. २५ जुलैपर्यंत मेळ बसला नाही आणि ऑफर राहिली. संघमालक आणि खेळाडूंची संघटना यांच्यातला सध्याचा करारनामा १ डिसेंबर २०२६ ला संपतो, तेव्हा हा विषय पुन्हा टेबलावर येईल. २०२५ मध्ये तेरांपैकी चौघांनी होकार दिला. आजवर एका वर्षात इतके होकार कधी आले नव्हते, पहिल्या तीन वर्षांत तर चौतीसपैकी एकही नव्हता. पुढच्याच वर्षी काम बंद पडण्याची शक्यता दिसत असताना हातातलं एक वर्ष पक्कं करावंसं वाटणं मला समजतं. त्या चौघांत ब्रँडन वुडरफ आहे, खांद्याच्या शस्त्रक्रियेमुळे २०२४ चा अख्खा मोसम गमावलेला.

मूळ लेखातलं 'शहाणे' काढून 'ज्यांनी होकार दिला' असं केलं आहे. मिलवॉकीच्या त्या एका वर्षाच्या कराराचा परिच्छेदही जोडला आहे.