लॉस बान्योसला मागे राहिलेले

आज सकाळी कॉलेजच्या ग्रुपवर एक व्हिडिओ फिरत आला. 23 फेब्रुवारी 1945, फिलिपिन्समधलं लॉस बान्योस, जपान्यांच्या छावणीतून 2,147 कैद्यांची सुटका. पॅराशूटने उतरणारे अमेरिकन सैनिक, मागे ढोल, आणि शेवटी मोठ्या अक्षरांत 'इतिहासातली सर्वांत निर्दोष कामगिरी'. खाली आपल्याच मंडळींच्या टाळ्या. तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही.

निर्दोष कोणासाठी?

इथे कॅलिफोर्नियात आमच्या शेजारी एक फिलिपिनो कुटुंब राहतं. त्यांच्या आजीला आम्हीही त्यांच्यासारखं लोलाच म्हणतो, म्हणजे आजी. लॉस बान्योस तिचं गाव. तेव्हा ती बारा वर्षांची होती. एकदा त्यांच्या स्वयंपाकघरात ती शेवग्याचा पाला निवडत बसली होती, मीही मदतीला बसले, आणि बोलता बोलता तिने हे सगळं सांगितलं. काड्या बाजूला, पानं टोपलीत, हात एकदाही थांबला नाही.

त्या दिवशी सकाळी सातला आकाशातून सैनिक उतरले, तेव्हा फिलिपिनो गनिमी तुकड्या छावणीभोवती आधीच दबा धरून होत्या. त्यात हंटर्स नावाच्या गटाची पोरं होती; मूळचे लष्करी शाळांमधले विद्यार्थी. पहाऱ्यांची खबर त्यांची, वाटा त्यांच्या, गावकऱ्यांनी लपवून पोचवलेलं अन्न त्यांच्या पोटात. मग लगुना दे बाय तलावातून पाण्यात आणि जमिनीवर चालणाऱ्या लष्करी गाड्या आल्या, उपाशी कैद्यांना भरून दोन खेपांत घेऊन गेल्या. कैदी बहुतेक अमेरिकन नागरिक, त्यात बायका, पोरं, मिशनरी. ते वाचले याचा मलाही आनंदच आहे, हे वेगळं सांगायला नको.

लोला काठावर उभी होती. तिला वाटलं, तिसरी खेप आपली.

तिसरी खेप झालीच नाही. सैन्य गेलं आणि काही दिवसांत जपानी परत आले. माणसांना घरांच्या खांबांना बांधून घरं पेटवली. सुमारे दीड हजार गावकरी मारले गेले. लोलाचं कुटुंब माकिलिंग डोंगरात पळालं म्हणून वाचलं. तिचा मामा म्हशी सोडायला मागे थांबला, तो गेला.

हो, मान्य. अमेरिकन तिथे मुक्काम ठोकण्याइतके नव्हते, आणि पळून जा असं गनिमी तुकड्यांनी काही लोकांना सांगितलंही होतं. जपान्यांना साथ देणारे फिलिपिनोही ती कत्तल करणाऱ्यांत होते. छावणीतल्या उपासमारीला जबाबदार असलेल्या जपानी अधिकारी कोनिशीला पुढे फाशी झाली, तेही मान्य. पण दीड हजार माणसं एका ओळीतसुद्धा येऊ नयेत? दोन मिनिटं ढोल वाजवायला जागा आहे, यांना नाही?

आणि हे एकाच गावाचं नाही. फिलिपिन्समधल्याच कबानातुआन छावणीची सुटका घ्या. जानेवारी 1945, पाचशेहून जास्त युद्धकैदी. अमेरिकन रेंजर्स हल्ला उद्यावर ढकलायला तयार झाले, कारण फिलिपिनो गनिमी तुकडीच्या कॅप्टन हुआन पाहोताने आजची वेळ म्हणजे मरण आहे असं बजावलं. काबू नदीचा पूल त्याच्या माणसांनी रोखून धरला. वाटेतल्या गावांनी कुत्र्यांची तोंडं बांधली, कोंबड्या डालल्या, आवाज होऊ नये म्हणून. चालता न येणाऱ्या कैद्यांसाठी रेड्यांच्या गाड्या जुंपल्या; शेवटी शंभराच्या वर झाल्या. गाडीला रेडा जुंपून शत्रूच्या मुलखातून रात्रभर चालवणं म्हणजे काय, हे आपल्या खेड्यातल्या माणसाला समजावावं लागणार नाही. याला म्हणे 'स्थानिकांचं सहकार्य'!

आता खरा राग येतोय. जुलै 1941 मध्ये अमेरिकेचा अध्यक्ष रूझवेल्टने फिलिपिनो सैन्याला अमेरिकी सेवेत बोलावलं. अडीच लाखांवर माणसं लढली. आणि फेब्रुवारी 1946 मध्ये, मनिलाचे ढिगारे अजून उपसायचे असताना, अमेरिकन काँग्रेसने कायदा केला, की सैनिकांच्या सवलतींसाठी ही सेवा धरायचीच नाही. नंतरचा अध्यक्ष ट्रुमनने ही माणसं आपली नैतिक जबाबदारी आहेत असं म्हटलं आणि सही केली. 2009 मध्ये एकरकमी पैसे दिले, अमेरिकन नागरिक असाल तर 15,000 डॉलर, नसाल तर 9,000. निम्म्याहून जास्त अर्ज फेटाळले.

लोलाचा नवरा त्या फेटाळलेल्यांत. गनिमी तुकडीत होता, पण यादीत नाव सापडलं नाही. ते पत्र तिने प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलंय. तो नंतर वारला, आणि ज्याचा अर्जच फेटाळला त्याच्या बायकोला त्या योजनेत काही मिळायची सोय नव्हती.

मी तिच्यासमोर अमेरिकनांना दोन शब्द बोलले, तर तिने मलाच दटावलं. ते आले नसते तर आम्ही सगळेच मेलो असतो, म्हणाली. तिचा नातू आज अमेरिकन नौदलात आहे, भिंतीवर त्याचा गणवेशातला फोटो आहे आणि पाहुण्यांना ती तो आधी दाखवते. तिचं हे बोलणं मला खोडता येत नाही, खोडायचंही नाही. मामाबद्दलही तिने तेवढ्याच सरळपणे सांगितलं होतं. म्हशींची नावंसुद्धा तिच्या लक्षात आहेत.

गल्फमध्ये, सिंगापूरला, इथे, तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या ऑफिसात, हॉस्पिटलात फिलिपिनो सहकारी आहेत. डबा खाताना विचारा, त्यांच्या घरात त्या काळातलं कोणी आहे का. आता फार थोडे उरलेत, आणि ते सांगतात.