फाटके कपडे, अनवाणी पाय: अर्धीच गोष्ट

अमेरिकन यादवी युद्धावरच्या (१८६१-६५) एका लेखात दक्षिणेचा, म्हणजे अमेरिकेतून फुटून निघालेल्या राज्यांचा, सैनिक चारही वर्षं चिंध्यांत आणि अनवाणीच लढला असं चित्र आहे. मला ते पटत नाही. सप्टेंबर १८६२ च्या मेरीलँड मोहिमेत हजारोंच्या पायात बूट नव्हते, हे खरंच. पण त्यामागचं कारण बघा. तोवर दक्षिणेचं सरकार कपडे देण्याऐवजी सैनिकाच्या हातात वर्षाला ५० डॉलर ठेवायचं आणि कपड्यांचं त्याचं त्यानं बघायचं. ही पद्धत त्याच शरद ऋतूत बंद झाली.

त्यानंतर दक्षिणेची राजधानी रिचमंड इथल्या लष्करी कपड्यांच्या डेपोत कापड बेतलं जायचं आणि कापलेले तुकडे, बटणं, दोरा यांचं गाठोडं बायका घरी नेऊन जाकिटं शिवून आणायच्या. कितीतरी जणी सैनिकांच्याच घरच्या. उत्तरेच्या आरमाराची नाकेबंदी चुकवून आलेलं इंग्लंडचं जाड निळसर-करडं कापडही वापरात होतं. एप्रिल १८६५ मध्ये रिचमंडजवळच्या पीटर्सबर्गच्या खंदकांत टिपलेले मृतांचे फोटो नीट पाहा, अंगावर धड लोकरी जाकिटं दिसतात.

खरं दुखणं वाहतुकीचं. खिळखिळे रेल्वेमार्ग, वॅगनी कमी, आणि प्रत्येक राज्याला आधी आपली पोरं. नॉर्थ कॅरोलिनाच्या गव्हर्नर व्हान्सनी आपल्या पलटणींसाठी साठे राखून ठेवले होते. उलट १८६३-६४ च्या हिवाळ्यात पूर्व टेनेसीत दक्षिणेचे जनरल लाँगस्ट्रीट यांचे सैनिक नुकत्याच कापलेल्या गुरांचं कच्चं कातडं पायाला गुंडाळून बर्फात चालत होते. सैन्य एकच, पण कुठे आणि केव्हा, हे लिहिल्याशिवाय ‘फाटके’ म्हणू नये.